बारा व्होल्टांची भीती कसली?

मोटारीच्या बॅटरीच्या दोन्ही अग्रांवर कोरडे हात ठेवले तर काहीच जाणवत नाही. कोरड्या त्वचेचा रोध मोठा असतो. तो दहा हजार ओहम धरला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टांच्या दाबाने शरीरातून जेमतेम १.२ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. मग गॅरेजमधला मिस्त्री बॅटरीचे नट सोडवण्यापूर्वी बोटातली अंगठी आणि हातातले कडे काढून का ठेवतो?

कारण त्याच अग्रांवर लोखंडी पाना आडवा पडला तर गणित पालटते. मोटारीचा स्टार्टर फिरवायला क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर लागतात. ते देता यावेत म्हणून बॅटरीचा अंतर्गत रोध मुद्दामच अतिशय कमी, ओहमच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी ठेवलेला असतो. आता १२ ला ०.०१ ने भागून पाहा. प्रवाह हजार अँपिअरच्या घरात जातो! पाना जागीच वितळून चिकटतो, लाल होतो. त्या जागी अंगठी सापडली तर बोटाचे काय होईल ते सांगायला नको. ‘बाराच व्होल्ट तर आहेत’ असे म्हणणारे अर्धेच गणित मांडतात.

हे दुसरे अर्धे गणित मोटारीच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडताना फार उपयोगी पडते. बॅटरीतून एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे एकदिश प्रवाह मिळतो. घरातल्या उपकरणांना २३० व्होल्टांचा, सेकंदाला ५० आवर्तने करणारा प्रत्यावर्ती प्रवाह हवा असतो. इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर बॅटरीचा प्रवाह झपाट्याने चालू-बंद करतात, रोहित्र त्याचा दाब वाढवते आणि शेवटी त्याला उलटसुलट दिशा दिली जाते. दाब वाढला तरी शक्ती वाढत नाही. उलट थोडी उष्णतेच्या रूपाने वायाच जाते.

एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यात वीज गेली आहे, शाळेच्या पटांगणात जीप उभी आहे आणि वर्गात ३०० वॉटचा प्रोजेक्टर चालवायचा आहे. इन्व्हर्टरची कार्यक्षमता शेकडा ९० धरली तर बॅटरीतून ३३३ वॉट घ्यावे लागतील. त्यांना १२ ने भागले की सुमारे २८ अँपिअर येतात. प्रोजेक्टरच्या बाजूला मात्र प्रवाह फक्त १.३ अँपिअर!

घरच्या वायरिंगमध्ये वापरतात तशी १.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार बॅटरीकडे वापरली आणि इन्व्हर्टर दोन मीटरवर ठेवला, तर जाऊन-येऊन चार मीटर तार होते. तिचा रोध सुमारे ०.०४६ ओहम. फारच थोडा वाटतो, नाही? पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २८ चा वर्ग गुणिले ०.०४६ म्हणजे ३६ वॉट, अगदी सोल्डरिंगच्या लहान इस्त्रीइतके! शिवाय १.३ व्होल्ट वाटेतच संपतात. तीच तार १० चौरस मिलिमीटरची घेतली, तर उष्णता साडेपाच वॉटच्या आत राहते. म्हणून बॅटरीकडची तार जाड आणि आखूड असावी. लांबी हवी असेल तर ती २३० व्होल्टांच्या बाजूला घ्यावी. इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवायचा, पण बॉनेटखाली कोंबायचा नाही. त्याला वारा लागतो, आणि पाऊस मुळीच चालत नाही. गाडीतल्या सिगारेट पेटवण्याच्या खोबणीतून असे काम होणार नाही. तिचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. ‘सारखा उडतो’ म्हणून तिथे मोठा फ्यूज घालणारे महाभाग भेटतात. त्यानंतर तापते ती डॅशबोर्डामागची बारीक वायर.

फ्यूज कुठे बसवायचा, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. पुष्कळजण ‘इन्व्हर्टरजवळ’ असे उत्तर देतात. तसे केले तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार उघडीच राहते. ती पत्र्याच्या धारेवर घासून गाडीच्या सांगाड्याला टेकली तर तिला अडवणारे कोणी नाही. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, म्हणून त्याची जागा बॅटरीच्या धन अग्राला अगदी लागून. आपल्या उदाहरणात तो ४० अँपिअरचा चालेल.

जोडण्याचा क्रमही असाच विचार करून ठरतो. आजच्या बहुतेक गाड्यांत ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असते. धन अग्राचा नट आवळताना पाना पत्र्याला लागला की झाले! म्हणून दुरुस्तीसाठी बॅटरी सोडवताना ऋण तार आधी काढतात आणि परत जोडताना शेवटी लावतात. इन्व्हर्टर जोडतानाही तो बंद ठेवून आधी धन, मग ऋण. शेवटची तार टेकताच बारीक ठिणगी उडू शकते, कारण आतले रिकामे धारित्र एकदम भरते. एरवी तिचे काही नाही. पण बॅटरी भारित होत आली की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो शेकडा ४ झाला की तेवढी ठिणगी पुरते. बॅटरी फुटली की सल्फ्यूरिक आम्लाचे शिंतोडे थेट चेहऱ्यावर येतात. तेव्हा बॉनेट उघडून काही वेळ वारा खेळू द्यावा, डोळ्यांना चष्मा लावावा आणि शेवटची तार शक्यतो बॅटरीपासून दूर, सांगाड्याच्या जाड लोखंडाला जोडावी.

दुसऱ्या बाजूचे २३० व्होल्ट मात्र नुसत्या स्पर्शानेही जीव घेऊ शकतात, आणि घराच्या मुख्य पाटीवरचे गळतीरक्षक साधन तिथे मदतीला नसते. उपकरण थेट इन्व्हर्टरच्या खोबणीतच लावावे. काही घरांत दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टर भिंतीतल्या सॉकेटला जोडतात. हा प्रकार भयंकर आहे. एक तर तिच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. दुसरे, मेन स्विच बंद करायचा राहिला तर वीज उलटी गावाच्या रोहित्राकडे जाते. जे रोहित्र ११,००० व्होल्टांचे घरगुती दाबात रूपांतर करते, तेच उलट दिशेने दाब चढवते. शेजाऱ्यांच्या भाराने छोटा इन्व्हर्टर बहुधा तत्क्षणी बंद पडेल. पण तार जवळच तुटलेली असेल तर भार नसतो. आणि ती जोडायला, लाईन बंद आहे असे समजून, भर पावसात खांबावर चढलेला लाइनमन असतो.

प्रोजेक्टर किती वेळ चालेल? बॅटरीवर ४० अँपिअर-तास लिहिलेले असते. ४० ला २८ ने भागून सव्वा तासाहून अधिक उत्तर येते, पण ते चुकीचे आहे. तो आकडा वीस तास २ अँपिअर घेतल्यास मिळणारा असतो. प्रवाह वाढवला की बॅटरीची धारणा घटते. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हे सूत्रात मांडले. शिवाय स्टार्टरसाठी केलेल्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात. वरचेवर खोल उपसली की त्या झिजतात आणि त्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. वीस मिनिटांत नऊ अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ पाव बॅटरी संपते. त्यापुढे इंजिन चालू करावे, तेही उघड्यावर. बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो.

दाब १०.५ व्होल्टांच्या आसपास उतरला की बहुतेक इन्व्हर्टर आपोआप बंद होतात. त्यावर विसंबू नये. तोवर जीप सुरू करण्याइतका जोर बॅटरीत उरलेला नसतो. त्यापेक्षा काही तास विश्रांती दिल्यावर व्होल्टमापक लावून पाहावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी रिकामी.