नवरा गेला, टॅक्स मागे राहिला: आता भरायचा कोणी?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. विषय जड आहे, पण गेल्या वर्षी तो आमच्याच घरात आला.

काका गेल्यावर महिन्याभराने मावशीला कपाटात एक नोटीस सापडली. काका असतानाच आलेली. इन्कम टॅक्सची बाकी, ९ लाख. मावशीचा फोन: "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा. माझी एफडी मोडू का?"

मी म्हटलं, "मावशी, थांब. काहीच मोडू नकोस. आधी वाचू दे."

मी इंजिनिअर, सीए नाही. पण सीएंच्या समोर बसून जे समजलं ते सांगतो.

बाकी नक्की कोणाची?

आयकर कायदा १९६१, कलम १५९. माणूस गेला की त्याची टॅक्सची बाकी माफ होत नाही. ती त्याच्या कायदेशीर वारसाकडे येते. पण मर्यादा आहे: गेलेल्या माणसाने जेवढी मालमत्ता मागे ठेवली, तेवढ्यापुरतीच.

काकांची बँकेतली शिल्लक, शेअर्स, गाडी मिळून ६ लाख. म्हणजे मावशीवरची जबाबदारी ६ लाखांपर्यंत. वरच्या ३ लाखांसाठी तिच्या स्वतःच्या पगारातून साठवलेल्या एफडीला हात लावता येत नाही. बायको आहे म्हणून नवऱ्याची बाकी आपोआप तिच्या खिशावर पडत नाही.

(१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ आलाय. पण त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात.)

इथे लोक चुकतात

मावशी म्हणाली, "मग गाडी तरी मुलाच्या नावावर करून टाकते."

नेमकं हेच करायचं नाही! बाकी असताना वारसाने मालमत्ता विकली, वाटली किंवा गहाण टाकली, तर त्या वस्तूच्या किमतीएवढी जबाबदारी त्याच्यावर वैयक्तिक येते. गाडी २ लाखांची असेल, तर २ लाख मावशीच्या स्वतःच्या पैशातून वसूल होऊ शकतात. म्हणून आधी टॅक्स, मग वाटणी.

एक अपवाद लक्षात ठेवा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली नवऱ्याने बायकोसाठी विमा काढला असेल, तर ते पैसे त्याच्या मालमत्तेत धरले जात नाहीत.

मग करायचं काय?

१. काकांचा पासवर्ड माहीत आहे म्हणून त्यांच्या नावाने लॉगिन करून उत्तरं देऊ नका. स्वतःच्या लॉगिनने आयकर पोर्टलवर 'ऑथराइज्ड पार्टनर्स' मध्ये जा आणि 'रजिस्टर अॅज रिप्रेझेंटेटिव्ह' मधून वारस म्हणून नोंदणी करा. लागतं काय? मृत्यूचा दाखला, दोघांचं पॅन, वारस असल्याचा पुरावा (वारस दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा फॅमिली पेन्शनचा दाखला) आणि हमीपत्र.

२. मंजुरी आली की 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' उघडा. रक्कम फॉर्म २६एएसशी ताडून बघा. चुकीची वाटली तर तिथेच असहमती नोंदवता येते.

३. बरोबर असेल तर हप्त्यांसाठी अर्ज करता येतो. पण गप्प बसू नका. नोटिशीतली मुदत, साधारण ३० दिवस, संपली की दरमहा १ टक्का व्याज चढतं.

४. शेवटचा रिटर्नही वारसानेच भरायचा. १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांच्या नावाने.

नोटीस मृताच्या नावाने निघाली तर?

माणूस गेल्यानंतर त्याच्याच नावाने काढलेल्या फेरतपासणीच्या नोटिसा न्यायालयांनी रद्द केल्या आहेत, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्येसुद्धा. पण तो असताना सुरू झालेली कारवाई वारसावर तिथूनच पुढे चालते. त्यामुळे कागद फाडून टाकू नका, सीएंना दाखवा.

मावशीने काकांचे शेअर्स आणि गाडी विकली, पण ते पैसे आणि बँकेतली शिल्लक सरळ टॅक्समध्ये भरली. प्रत्येक पावती फाइलला लावली. एफडी जशीच्या तशी आहे.

आज घरी गेलात की आईबाबांना एकच विचारा: "टॅक्सची कागदपत्रं कुठे ठेवता?" विचारायला अवघड वाटेल. पण दुःखात असताना कपाट उपसण्यापेक्षा सोपं आहे.

भेटू पुढच्या एपिसोडला!