हाडांची झीज आणि भर कशी ठरते? ठिसूळ हाडांवरील औषधे मध्येच का थांबवू नयेत?

पाठीत सतत कळ येते, उंची थोडी कमी झाल्यासारखी वाटते किंवा घरातल्या घरात पाय घसरून मनगट मोडते. तपासणी केल्यावर हाडे ठिसूळ झाल्याचे, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस असल्याचे कळते. मग डॉक्टर आठवड्याला एक गोळी किंवा सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन लिहून देतात. दुखणे थांबले की पुढचे इंजेक्शन कशाला, असे घरच्यांना वाटू लागते. डोंगरकड्याहून नांदेडला किंवा हिंगोलीला जायचे म्हणजे कामाचा एक दिवस मोडतो, हेही खरे. मात्र यातील एका इंजेक्शनची तारीख चुकवणे महागात पडू शकते. त्याचे कारण हाडाच्या आत दडलेले आहे.

हाड हे जिवंत असते

हाड एकदा तयार झाले की तसेच राहते, हा समज बरोबर नाही. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. हे काम दोन प्रकारच्या पेशी करतात. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड विरघळवून काढतात, तर ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवे हाड भरतात. एका जागचे जुने हाड काही आठवड्यांत काढले जाते, पण तिथे नवे भरायला तीन ते चार महिने लागतात. काढणे झटपट आणि भरणे सावकाश, त्यामुळे काढणाऱ्या पेशींवर लगाम असणे फार गरजेचे असते.

पेशींना आज्ञा कोण देते?

हा लगाम म्हणजे एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरे म्हटलेले असते. त्यांपैकी 'कायनेज' नावाची एन्झाइम दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा छोटा कण चिकटवतात. तो चिकटला की त्या प्रथिनाचे काम सुरू होते किंवा बंद पडते. पुढे 'फॉस्फेटेज' एन्झाइम तो कण काढून टाकतात. कालव्याचे दार उघडले की पाणी एका चारीतून दुसऱ्या चारीत जाते, तसाच बाहेरून आलेला निरोप एका कायनेजकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो.

झीज करणाऱ्या पेशींसाठी हा निरोप 'रँक-एल' नावाचे प्रथिन आणते. हाडातील पेशीच ते तयार करतात. ते कोवळ्या पेशीवरील 'रँक' या कुलपात किल्लीसारखे बसते. मग आत आयकेके, पी३८ यांसारखी कायनेज जागी होतात आणि त्या पेशीचा ऑस्टिओक्लास्ट बनतो. 'सार्क' नावाचे आणखी एक कायनेज या पेशीला हाडावर आम्ल सोडता येईल अशी घडीदार कडा तयार करायला मदत करते. १९९१ मध्ये सार्कचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरात ऑस्टिओक्लास्ट होते, पण ते हाड काढू शकत नव्हते. हाडे वाजवीपेक्षा दाट झाली होती.

शरीराकडे यावर उताराही आहे. ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे प्रथिन रँक-एलला आधीच पकडून ठेवते. पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, रँक-एलचे पारडे जड होते आणि झीज वाढते. म्हणून पन्नाशीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात.

नवे हाड भरण्याची बाजू

इथे गंमत उलटी आहे. जीएसके-३ नावाचे कायनेज हाड भरण्याच्या कामात ब्रेकसारखे असते. 'विंट' हा निरोप आला की तो ब्रेक सुटतो आणि ऑस्टिओब्लास्ट कामाला लागतात. हाडावर भार पडला की हाडातील पेशी विंटला अडवणारे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन कमी सोडतात. चालणे आणि झेपेल तसा भार उचलणे हाडांना चांगले, ते यामुळेच.

औषधे नेमकी कुठे काम करतात?

अॅलेंड्रोनेट गोळी आणि झोलेड्रोनिक अॅसिडचे सलाईन हाडातच चिकटून राहते. हाड काढायला आलेल्या ऑस्टिओक्लास्टच्या आतील एक गरजेचे एन्झाइम ते बंद पाडते. औषध थांबवले तरी त्याचा परिणाम काही काळ टिकतो.

टेरिपॅराटाइड हे रोज घ्यायचे इंजेक्शन प्रोटीन कायनेज ए या एन्झाइमला जागे करून नवे हाड भरायला लावते.

डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन थेट रँक-एलला पकडते. ते हाडात साठत नाही. असर संपला की अडवून धरलेला निरोप एकदम मोकळा होतो आणि थांबलेल्या ऑस्टिओक्लास्ट पेशी जोमाने कामाला लागतात. कमावलेले हाड साधारण वर्षभरात निघून जाऊ शकते. काही रुग्णांमध्ये पाठीचे एकाहून अधिक मणके दबतात.

त्यामुळे तारीख हळद काढणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत येत असेल, तर ती आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. मागच्या इंजेक्शनला सात महिने उलटू देऊ नका. ते बंद करायचेच असेल, तर त्याजागी दुसरे औषध सुरू करावे लागते. खर्च झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यात संकोच नको.

हळदीने हाडे मजबूत होतात का?

हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. प्रयोगशाळेतील पेशींवर हळदीतील कर्क्युमिनने रँक-एलचा निरोप मंदावतो, हे दिसले आहे. पण खाल्लेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोहोचते आणि त्याने हाड मोडणे टळते, असे सिद्ध झालेले नाही. जेवणात हळद जरूर वापरा, हळदीचे दूधही प्या, मात्र ते इंजेक्शनची जागा घेऊ शकत नाही. कर्क्युमिनच्या कॅप्सूल मनाने घेऊ नका. त्यांनी यकृताला त्रास झाल्याची उदाहरणे आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अधिकच जपा.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

• इंजेक्शनची पुढची तारीख घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये नोंदवा.
• डेनोसुमॅबपूर्वी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. दात काढायचा असेल तर आधी सांगा.
• अॅलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नका.
• सांधेदुखीच्या नाव नसलेल्या पुड्या टाळा. त्यांत स्टेरॉइड असू शकते आणि त्याने हाडे विरळ होतात. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.
• अचानक पाठीत तीव्र कळ, पायांतील ताकद जाणे, तोंडाभोवती मुंग्या किंवा हातापायांत पेटके आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही. म्हणूनच दुखणे थांबले म्हणून औषध बंद करणे योग्य नाही. ते कधी थांबवायचे, हे तुमच्या डॉक्टरांसोबतच ठरवा.