रिकामा पाळणा

फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात मारी आंत्वानेत राणीचे एक भव्य तैलचित्र आहे. एलिझाबेत व्हिजे लब्रँ या चित्रकर्तीने ते १७८७ साली पूर्ण केले. तांबड्या मखमली पोशाखातील राणीच्या मांडीवर धाकटा मुलगा आहे, कन्या तिच्या दंडाला बिलगली आहे, आणि थोरला राजपुत्र पाळण्याकडे बोट दाखवीत आहे.

वरवर पाहता हे कौटुंबिक चित्र; वस्तुतः ती राणीच्या वतीने मांडलेली कैफियत होय. १७८५ मध्ये हिऱ्यांच्या हाराचे प्रकरण गाजले. राणीचा त्यात दोष नसतानाही उधळेपणाचा कलंक तिला चिकटला. तो पुसला जावा म्हणून दरबाराने हे चित्र करवून घेतले. रूसोच्या लेखनाने त्या काळी वात्सल्याला नवी प्रतिष्ठा लाभली होती. चित्रकर्तीने मग मेरीमाता व बाल येशू यांच्या जुन्या चित्रांतील त्रिकोणी मांडणी स्वीकारली, आणि दागिन्यांचे कपाट मागे अंधारात ठेवले. मातेची रत्ने म्हणजे तिची मुले, हा त्यातील बोध.

पाळणा मात्र रिकामा आहे. तान्ही राजकन्या सोफी त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तली होती. १७८९ साली थोरला राजपुत्रही गेला. मग हे चित्र राणीला पाहवेना, म्हणून ते तेथून हलविण्यात आले. लोकमत काही पालटले नाही. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला. पण चित्र नजरेआड असल्यामुळेच क्रांतीच्या क्षोभातून बचावले, असे चित्रकर्तीने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. दरबाराला हवी होती आदर्श माता; चित्र राखले ते एका शोकाकुल आईने.