दोउरोच्या खोऱ्यातील प्रवास कसा बेतावा



शिंपी कापड बेततो आणि आपण प्रवासाचा बेत करतो. दोन्ही शब्द एकाच घरचे. परंतु आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांचा युरोपचा प्रवास पाहिला म्हणजे वाटते की, बेत झाला खरा, बेतणी मात्र राहून गेली. बाजारातून तयार अंगरखा आणावा आणि तो खांद्यात घट्ट व बाहीत सैल झाला तरी तसाच अंगात चढवावा, तशातलीच ही गत. आज आपण ज्या प्रदेशाविषयी बोलणार आहोत तो उत्तर पोर्तुगालमधील दोउरो नदीचा द्राक्षप्रदेश होय. ‘पोर्ट’ या नावाने जगभर विकले जाणारे गोड व कडक मद्य याच खोऱ्यात तयार होते. पोर्तो शहरातून सकाळी मोटारीत बसवावयाचे, दुपारी दोन ठिकाणी प्याले हाती द्यावयाचे आणि दिवेलागणीला परत आणून सोडावयाचे, अशा सहली तेथे नित्य निघतात. त्यांत पैसा बराच जातो आणि दिवसाचा मोठा भाग गाडीच्या काचेआड जातो. तीन-चार दिवस हाताशी असतील तर याहून पुष्कळच चांगले काही करता येते.

त्यासाठी प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोर्ट जन्मते एकीकडे आणि वयात येते दुसरीकडे. द्राक्षे पिकतात ती समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, माराँव पर्वताच्या पलीकडे. अटलांटिकवरून येणारा पाऊस हा पर्वत अडवितो. त्यामुळे पलीकडचा उन्हाळा फार प्रखर असतो. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, अशी तेथील म्हणच आहे. तयार झालेले मद्य हिवाळाभर वर राही आणि वसंतात नावांतून नदीमार्गे खाली येई. पोर्तोच्या समोरच्या तीरावर गाया नावाचे गाव आहे. तेथील कोठ्यांतून ते वर्षानुवर्षे पिंपांत मुरे. कारण समुद्राजवळची दमट, गार हवा त्यास मानवते. १९८६ पर्यंत तर परदेशी जाणारे पोर्ट गायातूनच गेले पाहिजे असा निर्बंध होता. आज नावांची जागा रस्त्यावरील टाक्यांच्या गाड्यांनी घेतली आहे आणि काही मळेवाले आपला माल वरच साठवून तेथूनच विकतात. तथापि बहुतेक मोठ्या पेढ्यांचा क्रम तोच राहिला आहे. म्हणून माझे सांगणे असे की, पोर्तोत उतरताच गायाच्या कोठ्यांत शिरू नये. आधी नदीच्या वरच्या अंगाला जावे, डोंगर पाहावा, आणि मग मद्याच्या मागोमाग खाली यावे. ज्याने ऊन सोसले आहे त्यालाच त्या कोठीतील गारव्याचा अर्थ कळतो.

वर जाण्यास आगगाडीसारखे वाहन नाही. पोर्तोहून निघणारा हा लोहमार्ग १८८७ मध्ये पूर्ण झाला. तो एके काळी स्पेनच्या सरहद्दीपर्यंत जात असे. १९८८ पासून पोसिन्यू येथे संपतो. पहिला तासभर विशेष काही दिसत नाही. पुढे रूळ नदीला येऊन मिळतात आणि उत्तर तीराने पाण्याला अगदी लगटून जातात. म्हणून जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. मार्गावर दुरुस्तीची कामे निघतात, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून घ्यावे. पोर्तोच्या साँव बेंतू स्थानकाच्या दालनात निळ्या चित्रफरशांच्या भव्य भिंती आहेत, त्या पाहण्यास अर्धा तास अवश्य ठेवावा. त्यांचा चित्रकार झोर्झ कोलासू; पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतील निळी चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा हात ओळखीचा वाटेल, कारण तीही त्याचीच.

सुमारे अडीच तासांनी पिन्याँव नावाचे लहानसे गाव येते. मुक्काम येथे किंवा आसपासच्या एखाद्या मळ्यावर करावा, आणि तो दोन रात्रींहून कमी नसावा. मळ्याला तेथे ‘किंता’ म्हणतात. स्थानकाच्या भिंतींवर १९३७ साली बसविलेली फरशांची चित्रे आहेत. द्राक्षतोड, पाट्या वाहणारी माणसे, नावांत रचलेली पिंपे, असा सारा व्यवहार त्यांत क्रमाने पाहावयास मिळतो. तेथून डोंगरावर नजर टाकली म्हणजे दिसतात ती दगडी बांधांची एकावर एक चढलेली रांग. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तसे हे बांध, चुन्यावाचून रचलेले. जमीन म्हणजे माती नव्हेच; तो पापुद्र्यांचा शिस्त दगड आहे. तो फोडून माणसांनी पायऱ्या केल्या, आणि त्याच्या उभ्या भेगांतून मुळे खोल जाऊन ओल शोधतात. मध्येच काही पायऱ्या ओसाड पडलेल्या किंवा त्यांवर ऑलिव्हची झाडे वाढलेली दिसतील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने मुळे खाऊन हे मळे मारले, तेव्हापासून त्या पायऱ्यांवर पुन्हा वेल चढला नाही. युनेस्कोने २००१ मध्ये या खोऱ्यास जागतिक वारशात स्थान दिले ते या मानवी कष्टाच्या देखाव्यासाठी.

ऋतूचा विचार असा. द्राक्षतोड साधारणतः सप्टेंबरमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालते. या दिवसांत गेल्यास क्वचित काही मळ्यांवर जुनी तुडवणी पाहावयास मिळते. ‘लगार’ नावाच्या उथळ दगडी हौदात माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि तालावर पाऊल टाकीत द्राक्षे तुडवितात. तळपायाखाली साल फुटते पण बी चिरडत नाही, म्हणून रसाला कडवटपणा येत नाही. रस आंबू लागला, निम्मी साखर उरली, की त्यात ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षदारू मिसळतात. आंबणे तेथेच थांबते आणि गोडी टिकून राहते. मात्र याच काळात मळेवाल्यास पाहुण्याकडे बघण्यास सवड नसते, आणि खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. ज्यांना शांतपणे बोलावयाचे आहे त्यांनी मे किंवा जूनचा पूर्वार्ध निवडावा. जुलै-ऑगस्ट टाळावेत, पारा चाळिशीपार जातो, आणि वृद्ध माणसांना तो उन्हाळा झेपणारा नाही.

आता मापे घ्यावयाची ती घरच्या माणसांची. आपल्या कुटुंबात चौघांपैकी दोघे मद्याला शिवत नाहीत, एखाद्याचे गुडघे दुखतात आणि मुलांना कंटाळा फार लवकर येतो. त्यासाठी बेत मोडण्याचे कारण नाही. दिवसाला एकच मळा ठरवावा, तोही आधी लिहून वेळ घेऊन. न पिणाऱ्यांसाठी ऑलिव्हचे तेल, बदाम, मध आणि चीज यांची चव दाखविणारे मळे आहेत. मुलांना लोहमार्गाच्या शेवटाकडील कोआ नदीच्या खोऱ्यात न्यावे. उघड्या खडकांवर अश्मयुगीन माणसाने कोरलेले घोडे आणि रानबैल तेथे आहेत. धरणाच्या पाण्यात ते बुडावयाचे होते. लोकांनी ओरड केली आणि काम थांबले. ज्यांना चालवत नाही त्यांनी नदीतून जावे. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावे: तेथील हिरव्या पालेभाजीच्या सारातही डुकराच्या मांसाची चकती टाकण्याची रीत आहे, तेव्हा नको म्हणून आधीच सांगावे.

नदीचे आजचे शांत रूप मात्र फसवे आहे. ते धरणांनी आणि जलपाशांनी दिलेले आहे. पूर्वी हा प्रवाह खडकांतून उसळत जाई आणि नावा फोडी. या खोऱ्याचा नकाशा करणारा इंग्रज व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर १८६१ मध्ये वालेइरा येथील धावत्या पाण्यात बुडून मेला. त्याच नावेतील दोना आंतोनिया फेरेइरा ही मळ्यांची धनीण वाचली. तिच्या घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवले, असे लोक सांगतात.

चव घेण्याविषयी थोडेसे. साधी वाइन बारा-तेरा टक्क्यांची. पोर्ट सुमारे वीस टक्क्यांचे. तीन लहान प्याले म्हणजे पुष्कळ झाले. तोंडात घोळवून भांड्यात टाकून देणे हा तेथे असभ्यपणा नव्हे, जाणकारीची खूण आहे. रेग्वा ते पिन्याँव हा रस्ता नदीकाठी वळणावळणांचा आहे आणि मद्य घेऊन गाडी हाकण्याविरुद्ध कायदा कडक आहे. ज्या दिवशी चव घ्यावयाची त्या दिवशी चालक दुसरा हवा.

मळा कोणता निवडावा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. १७५६ मध्ये पोंबाल या मंत्र्याच्या राजवटीत भेसळीला आळा घालण्यासाठी या प्रदेशाची हद्द ठरविण्यात आली आणि पुढे ३३५ दगडी खांब पुरून ती पक्की केली गेली. आजही प्रत्येक जमिनीस प्रत लावलेली असते, आणि किती रसाचे पोर्ट करावयाचे याचा आकडा दरवर्षी ठरतो. २०२३ मध्ये तो १,०४,००० पिंपे होता. खप घटल्यामुळे २०२४ मध्ये ९०,००० वर आला. पिंप ५५० लिटरचे. आकडा उतरला की त्याचा भार पडतो लहान शेतकऱ्यावर: त्याची उरलेली द्राक्षे साध्या वाइनसाठी पडत्या भावाने जातात किंवा वेलीवरच राहतात, आणि बांध मात्र दरवर्षी डागडुजी मागतात. म्हणून एक भेट प्रसिद्ध पेढीला द्यावी हे ठीक. पण मुक्काम आणि खरेदी शक्यतो अशा किंतावर करावी जेथे घरचा माणूसच मळा दाखवितो आणि बाटलीवर स्वतःचे नाव घालतो. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून जी गोड वाइन मिळते तिचा या डोंगराशी नावापलीकडे संबंध नाही, हे तेथे पहिल्याच घोटात कळेल.

मग शेवटच्या दिवशी खाली गायात यावे. कोठीत दोन कुळे भेटतील. ‘टॉनी’ पिंपात दहा, वीस, तीस वर्षे मुरते, पिंगट होते, सुक्या मेव्याचा वास धरते. त्याची बाटली उघडल्यावरही काही आठवडे टिकते. ‘व्हिंटेज’ निवडक वर्षांचेच, दोन-तीन वर्षांत बाटलीत भरलेले आणि पुढे बाटलीतच म्हातारे होणारे. ते उघडले की एक-दोन दिवसांत संपवावे लागते. घरी माणसे थोडी आणि पिणारे त्याहून थोडे असतील, तर दहा वर्षांचे टॉनी घ्यावे.