चार कप चहा, एक भांडं

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. भिगवणजवळ उजनीच्या बॅकवॉटरला, एका शेतकऱ्याच्या रानात आमचे दोन तंबू. दोघं मित्र पुण्याहून कारनं आलेले, आम्ही दोघं सोलापूरहून रेल्वेनं. पहाटे होडीतून फ्लेमिंगो बघायचे आणि त्याआधी कडक चहा, असा झक्कास प्लॅन! चहाचं खातं माझ्याकडे. मी ऐटीत घरून आणलेली दुधाची स्टीलची किटली काढली, पुणेकरांच्या चिमुकल्या गॅस स्टोव्हवर ठेवली. उंच, निमुळती किटली आणि खाली तळहाताएवढा स्टोव्ह. पाण्याला उकळी फुटली आणि किटली कलंडली ती थेट माझ्या पायावर.

‘‘काय बे, चहा पाजायलास का भाजायलास?’’ मित्र ओरडला. पण त्यानंच बोअरचा पाइप ओढत आणला आणि वीस मिनिटं पायावर पाणी सोडलं. टूथपेस्ट नाही, हळद नाही. भाजल्यावर आधी वीस मिनिटं साधं गार वाहतं पाणी. फ्लेमिंगो त्यांनी बघितले, मी त्यांचे फोटो बघितले.

घरी आल्यावर मात्र ठरवलं, आता हा विषय नीट अभ्यासायचा!

आधी गरज ओळखा

कॅम्पिंगचं दुकान म्हणजे मोहाचा बाजार. एकात एक बसणारी चार भांडी, घडीचे चमचे, तवासुद्धा. पण आपण सोलापूरकर! कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असली की स्वयंपाक करतोय कोण? आपल्याला लागतं फक्त गरम पाणी. चहाला, कॉफीला, फार तर नूडल्सला. म्हणजे भांडं एकच पुरे. एकट्यासाठी ६०० ते ७५० मिलिलिटरचं, तिघाचौघांसाठी लिटरभराचं. चार कप म्हणजे साधारण ६०० मिलिलिटर; वरची जागा उकळीसाठी मोकळी हवीच.

रुंद की उंच?

माझी चूक इथेच झाली. रुंद बुडाचं, बुटकं भांडं ज्योतीची आच जास्त पकडतं आणि स्टोव्हवर बूड टेकून बसतं. उंच भांड्याच्या कडेनं निम्मी आच वाया जाते. आणि झाकण! झाकणाशिवाय पाणी तापवणं म्हणजे खिडकी उघडी टाकून एसी लावणं. मी घरच्या गॅसवर दोन्ही करून बघितलं, फरक लगेच कळतो. ‘कॉम्पॅक्ट’चा अर्थही इथेच लागतो. २३० ग्रॅमचा गॅस कॅनिस्टर साधारण ११ सेंटिमीटर रुंद असतो. तो भांड्याच्या आत बसला, तर सॅकमधली जागा वाचते.

स्टील, अ‍ॅल्युमिनियम की टायटॅनियम?

टायटॅनियमचं भांडं शंभर-सव्वाशे ग्रॅमचं, हातात घेतलं की प्रेमातच पडावं. किंमत ऐकली की प्रेम उतरतं! अ‍ॅल्युमिनियम हलकं, स्वस्त आणि स्टीलच्या दहा पटींहून जास्त चांगलं उष्णता वाहून नेणारं. पण गंमत अशी, की नुसतं पाणी तापवताना हा फरक फारसा जाणवत नाही. तो जाणवतो भात करपताना. स्टील जड खरं, पण आपटा, घासा, चुलीवर ठेवा, तक्रार नाही.

आणि गॅस?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. रेल्वेत गॅस कॅनिस्टर, स्टोव्ह, रॉकेल न्यायला सक्त बंदी आहे. रेल्वे कायद्यात यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. ‘‘एवढासा तर आहे, कोण बघतंय?’’ असं म्हणू नका. २६ ऑगस्ट २०२३ला मदुराई स्टेशनजवळ उभ्या डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ प्रवासी गेले.

म्हणूनच माझा निर्णय सोपा झाला. मी जाणार रेल्वेनं, म्हणजे गॅस नाही. मग शेतकरी मावशींची चूल जिंदाबाद! चुलीवर प्लॅस्टिकचा दांडा वितळतो, सिलिकॉनचं आवरण जळतं. नवी पेठेत चक्कर मारली आणि घेतलं काय? लिटरभराचं साधं स्टीलचं पातेलं, त्यावर घट्ट बसणारं झाकण आणि एक सांडशी. टायटॅनियमचं स्वप्न पुढच्या इन्क्रिमेंटला!

निघण्याआधी एवढं वाचाच

• स्टोव्ह तंबूत पेटवू नका, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो झोपेतच घात करतो.

• स्टोव्ह सपाट जागी ठेवा आणि पेटता असताना त्याच्यापुढे मांडी घालून बसू नका.

• झऱ्याचं किंवा टाक्यातलं पाणी प्यायचं असेल, तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या. कळसूबाईवर, म्हणजे १,६४६ मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तरी ते मिनिट पुरतं.

• पाण्यातली रसायनं मात्र उकळून जात नाहीत. धरणाच्या बॅकवॉटरला प्यायचं पाणी घरूनच न्या.

येत्या थंडीत पुन्हा भिगवण ठरलंय. पायावरचा डाग अजून आहे. पण यंदा चहा मीच करणार आणि फ्लेमिंगोही मीच आधी बघणार!