फिरतं सगळ्यांना दिसतं, थांबवतं कोण?

जलंब–खामगाव रेल्वेफाटा 1870 चा, कापसासाठी टाकलेला आणि लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झालेला, हे खामगावकरांना वेगळं सांगायला नको. पुण्याचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून आलेल्या आमच्या मंडळींनी त्या फाट्यावरून सुचलेलं 1:87 चं मॉडेल उभारलं. बघणाऱ्यांची नजर खिळते ती इंजिनाचं तोंड फिरवणाऱ्या टर्नटेबलवर. मोटार लावली की टेबल फिरतं. खरी कला ते नेमक्या रुळासमोर थांबवण्यात आहे, आणि सगळी भांडणं त्यावरूनच झाली.

पहिलं भांडण सुतार आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं. 28बीवायजे-48 ही स्वस्त स्टेपर मोटार 2048 पावलांत एक फेरी पूर्ण करते, असं सगळे धरून चालतात. आमच्या टेबलावरचा, इंजिन पेलणारा पूल मात्र दर फेरीला सुमारे 1.8 अंश पुढे सरके. तीस सेंटिमीटरच्या टेबलाच्या काठावर हा फरक साडेचार मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे इंजिन थेट खड्ड्यात, सुताराने केलेल्या आणि पूल ज्यात फिरतो त्या! "खड्डाच वाकडा," असा निकाल लागला. "माह्या खड्ड्यात खोट नाही," म्हणत सुताराने हट्टाने मोटार उघडायला लावली. आतल्या गिअरचे दात मोजले, तर गुणोत्तर 64 नव्हे, 63.68 निघालं, फेरी 2038 पावलांच्या आतच पुरी होते. खड्डा पहिल्या दिवसापासून गोल होता.

मग गिअरच्या दातांतली ढील. डावीकडून आलं तर टेबल बरोबर थांबे, उजवीकडून आलं तर केसभर चुके. उपाय जुनाच: उजवीकडून येताना थोडं पुढे जायचं आणि नेहमी एकाच बाजूने परतायचं. बघणारे कौतुकाने म्हणतात, "ड्रायव्हर किती जपून लावतो!"

तिसरा पेच विजेचा. पूल अर्धी फेरी फिरला की त्यावरच्या रुळांचे धन-ऋण उलटे होतात. इंजिनाची चाकं सांध्यावर आली की शॉर्ट आणि सगळं स्टेशन अंधारात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला रिले हवा होता, बाकीच्यांना दोन भागांत कापलेलं पितळी कडं. ते घडवायला आम्ही चांदीच्या कारागिराकडे गेलो. "एवढं कडं कोन्या हत्तीच्या पायात घालता, भाऊ?" त्याने विचारलं. पण काम समजल्यावर त्यानेच सुचवलं की, जिथे एकही रूळ येत नाही तिथे फट ठेवा, आणि ती कड्यावर घासत वीज नेणाऱ्या ब्रशपेक्षा रुंद ठेवा. रिले अजून पाकिटातच आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी इंजिन पुलावर, पूल अर्ध्या वाटेवर, आणि लाइट गेली. स्टेपर मोटारीला आपण कुठे होतो हे आठवत नाही. लाइट आल्यावर टेबल पुलाखालचा चुंबक आणि हॉल सेन्सर जुळेपर्यंत, इंजिनासकट, संथपणे गोल फिरलं. आम्ही श्वास रोखून उभे होतो. चुंबक सापडला, टेबल थबकलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! लोकांना वाटलं, हाच मुख्य खेळ. तेव्हापासून प्रत्येक खेळाची सुरुवात आम्ही त्याच फेरीने करतो.