कुक्कुटशाळा, घरमाशी आणि प्रतिजैविक-प्रतिरोध

बंगळुरूच्या येलहंका भागातील 'निवेदी' ही संस्था पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करते, तर हेब्बाळ येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो कीटकांचा. आतड्याच्या संसर्गातील प्रतिजैविक-प्रतिरोध हा या दोन्ही विद्याशाखांना जोडणारा प्रश्न आहे.

कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविक मिसळल्यास आतड्यातील इतर जिवाणू मरतात, प्रतिरोधक ई. कोलाय व साल्मोनेला मात्र टिकून राहतात. कोलिस्टिन हे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेले औषध. त्याला निष्प्रभ करणारे, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमधून प्रथम नोंदले गेले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

परंतु औषध थांबले, तरी विष्ठेतील जिवाणू लगेच नाहीसे होत नाहीत. ओलसर विष्ठेत वाढणारी घरमाशी पाय, वमन व विष्ठा यांवाटे ते स्वयंपाकघरात आणते. तिच्या आतड्यात जिवाणूंमध्ये प्रतिरोधक जनुकांची देवाणघेवाण होऊ शकते, हेही प्रयोगांत आढळले आहे.

उष्ण हवेत अंड्यापासून माशी तयार होण्यास सुमारे ७ ते १० दिवस लागतात. म्हणून साचलेली ओली विष्ठा आठवड्यातून दोनदा काढावी, गळके नळ दुरुस्त करावेत, शेडमधील गादी कोरडी ठेवावी आणि खताचा ढीग झाकून पूर्ण कुजवावा. स्पॅलॅंजिया हा परोपजीवी कीटक माशीच्या कोषावर वाढतो. सरसकट फवारणीत तोही मरतो.

घरातील मुलाच्या आजारावर उद्या औषध लागू पडेल का, हे काही अंशी आजच्या शेडमधील ओलीवर अवलंबून आहे.